सकाळची साखर चढलेली येते? आधी पहाटे तीनला उठून बघा

पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजायच्या आधी मी उठते आणि साडेपाचला बोट टोचते. गोव्यातल्या फोंड्यात माझी छोटी खानावळ आहे. दुपारी बाराला शीत-कडीची (शीत म्हणजे भात) पहिली ताटं लागतात आणि रात्री साडेदहाला शेवटचा टोप घासून होतो. मला मधुमेह निघाला २०११ साली, तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. दहा वर्षं गोळ्यांवर निभावलं, २०२१ पासून रात्रीचं इन्सुलिन लागलं. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त रडवलं ते या सकाळच्या आकड्याने. रात्री अर्धी भाकरी आणि वालीची भाजी खाऊन झोपायचं, आणि सकाळी उपाशीपोटी १९६. दुपारी पोटभर जेवून दोन तासांनी १६० येते, मग रात्रभर काही न खाता १९६ कशी?

हाच प्रश्न मला ताट वाढताना लोक विचारतात. ‘काकी, तुमची सकाळची किती येते?’ २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त. माझ्या खानावळीत एका बाकावर चौघं बसतात, म्हणजे त्यांतला एक जण आमच्यातला असणार. म्हणून मी काय शिकले ते नीट लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. इथले इन्सुलिनचे आकडे माझ्या अंगाचे आहेत, ते तुमच्या अंगाला लावू नका. पण शोधायची रीत कुणालाही उपयोगी पडेल.

रात्री काही खाल्लं नाही, मग साखर आली कुठून

ती आपल्या यकृतातून येते. झोपेतही मेंदूला आणि हृदयाला साखर लागते, म्हणून यकृत आपल्या साठ्यातली थोडी थोडी रक्तात सोडत राहतं. पहाटे तीनपासून सात-आठपर्यंत शरीर जागं व्हायची तयारी करतं. कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन असे रस वाढतात, ते यकृताला आणखी साखर सोडायला लावतात आणि त्याच वेळी इन्सुलिनचा जोरही कमी करतात. हे प्रत्येकाच्या शरीरात होतं. निरोगी माणसाचं स्वादुपिंड त्या वेळी जास्त इन्सुलिन सोडून ते सांभाळतं. आपलं स्वादुपिंड तेवढं सोडू शकत नाही, किंवा सोडलेलं पुरत नाही, आणि आकडा चढतो. डॉक्टर याला डॉन फिनॉमेनन म्हणतात, आपण पहाटेची चढ म्हणू.

हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण तोवर घरातले सगळे माझ्या ताटाकडे संशयाने बघत होते. ‘लपून काही खातेस काय?’ असं विचारूनही झालं होतं. तुमच्या घरात कुणाचा आकडा सकाळी चढलेला येत असेल तर कृपा करून हा प्रश्न विचारू नका.

पण सकाळी चढलेला प्रत्येक आकडा पहाटेच्या चढीचाच असतो असंही नाही. मी इथेच चुकले. सकाळचे तेच १९६ निरनिराळ्या वाटांनी येऊ शकतात आणि प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा, काही वेळा अगदी उलटा असतो. सकाळचा एकटा आकडा बघून कोणती वाट ते कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही.

तीन वेळा टोचा

झोपायच्या आधी, पहाटे तीनला, आणि उठल्याबरोबर. आठवड्यातल्या तीन रात्री पुरतात, त्याही लागोपाठ नकोत. मी सोमवार, गुरुवार आणि शनिवार धरते. सोमवारी आमच्याकडे शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, खतखतं नाहीतर मुगागाठी. गुरुवारी मासे. शनिवारी रात्री खानावळीत गर्दी असते, त्यामुळे माझं जेवण उशिरा होतं. तीन तऱ्हेच्या रात्री हातात येतात. फोनवर तीनचा गजर लावते. ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि विजेरी उशाशी ठेवूनच झोपते, म्हणजे दिवा लावून यांची झोप मोडावी लागत नाही.

वहीत आकड्याशेजारी चार गोष्टी लिहा: किती वाजता जेवले, काय जेवले, औषध किती वाजता घेतलं, झोप कशी लागली. नुसते आकडे लिहिले तर महिन्याभराने त्यांतून काही उमगत नाही. माझी पहिली वही अशीच वाया गेली.

मग आकडे असे वाचा.

झोपताना २३८, तीनला २२१, सकाळी २०५. ही साखर रात्रीच्या जेवणाची. ती चढलेलीच झोपली आणि चढलेलीच उठली. इथे पहाटेचा दोष नाही, ताटाचा आणि वेळेचा आहे.

झोपताना १४२, तीनला १३८, सकाळी १८८. ही खरी पहाटेची चढ.

झोपताना १४०, तीनला १७०, सकाळी २१०. रात्रभर हळूहळू चढत गेली, म्हणजे रात्रीचं औषध किंवा इन्सुलिन कमी पडतं आहे किंवा सकाळ व्हायच्या आतच संपतं आहे.

झोपताना ११८, तीनला ५८, सकाळी २१०. ही सगळ्यात धोक्याची. सकाळी साखर जास्त दिसते, पण मधल्या रात्री ती फार खाली गेलेली होती. असा माणूस सकाळचा आकडा बघून औषध वाढवायला गेला तर जिवाशी खेळ होतो. मी तो केला आहे, पुढे सांगते.

कधी कधी डॉक्टर दंडाला लावायचा सेन्सर सुचवतात. तो चौदा दिवस रात्रंदिवस नोंद घेतो. खर्च झेपत असेल तर एकदा जरूर लावून बघा, रात्रीचा सगळा रस्ता दिसतो. नाही जमलं तर तीन वेळा टोचूनही काम होतं.

आधी आकडा खरा आहे ना, ते बघा

एकदा मे महिन्यात माझी सकाळची २८७ आली. घाम फुटला. मग आठवलं, उठल्या उठल्या मी मुलासाठी मानकुरादाच्या फोडी केल्या होत्या आणि हात नुसता पदराला पुसला होता. साबणाने धुऊन, कोरडा करून पुन्हा टोचलं तर १६४. बोटाला लागलेला आंब्याचा रस, गूळ हे सगळं मीटर साखर म्हणूनच मोजतं. स्पिरिट लावत असाल तर ते पूर्ण वाळू द्या. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, दुखतं कमी. रक्त येत नसेल तर बोट पिळत बसण्यापेक्षा हात गरम पाण्याखाली धरून खाली सोडा.

आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने मीठसुद्धा पाणी सोडतं. तीच हवा पट्ट्यांना लागते. डबीचं झाकण लगेच घट्ट लावायचं, पट्ट्या काढून पाकिटात ठेवायच्या नाहीत आणि डबी स्वयंपाकघरात ठेवायची नाही. माझी डबी आता देवघराच्या कपाटात असते.

चांगल्या मीटरलासुद्धा साधारण पंधरा टक्क्यांपर्यंतची चूक माफ असते. म्हणजे १५० दाखवलं तर खरी १३० असेल किंवा १७०. आज १४८ आणि काल १४१ म्हणून हुरहुर लावून घेऊ नका.

आणखी एक. लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला जाता तेव्हा घरी उठल्याबरोबर एकदा टोचून आकडा लिहून न्या. मी एकदा सहाला घरी बघितली तर १४८ होती. बस पकडून गेले, रांगेत बसले, साडेनऊला रक्त घेतलं. पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं, तरी रिपोर्ट १७३ चा. पहाटेची चढ उपाशीपणी पुढेही चालू राहते. दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवले तेव्हा त्यांनी औषध वाढवलं नाही.

माझी चूक

इन्सुलिन सुरू झालं तेव्हा मी रात्री अकराला जेवत होते. जेवणाऱ्यांच्या आधी घरच्या बाईने जेवायचं नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. अकराला जेवायचं, इन्सुलिन टोचायचं, साडेअकराला झोपायचं. झोपताना २३०-२४०, सकाळी दोनशेच्या वर. वर सांगितलेली पहिली वाट. डॉक्टरांनी जेवण आठला घ्यायला सांगितलं आणि मी ते ऐकलं. आता आठला सून गल्ल्यावर बसते आणि मी आत पानावर.

झोपतानाची साखर आठवड्याभरात १४०-१५० वर आली. पण सकाळी १९०. मी हिरमुसले. कुणीतरी म्हणालं, ‘युनिट वाढव, आमच्या वहिनीला तीस आहेत.’ डॉक्टरांना न विचारता मी सोळाचे अठरा केले, मग वीस, मग बावीस. सकाळचा आकडा हलेना.

एका रात्री जाग आली तेव्हा गाऊन घामाने चिंब होता, छाती धडधडत होती आणि भूक अशी की हात कापत होते. मीटर शोधायचं सुचलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन डब्यातले चार बेसनाचे लाडू खाल्ले, दोन केळी खाल्ली. यांना जाग आली, त्यांनी बोट टोचून बघितलं तर एवढं खाऊनही ६१. सकाळी २४३. तो सकाळचा आकडाच तेवढा दिसला असता तर मी चोवीस युनिट घेतले असते.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, ‘इन्सुलिन किती वाजता घेता?’ आठला. जेवण आठवर आणताना इन्सुलिनही मी आपसूक आठवर आणलं होतं. माझं इन्सुलिन दुधासारखं पांढुरकं, टोचण्याआधी तळहातांत घोळवायचं असतं ते. त्याचा जोर टोचल्यापासून साधारण चार ते आठ तासांत सगळ्यात जास्त असतो, मग ओसरतो. आठला टोचलं की बारापासून तीन-चारपर्यंत पूर्ण जोरात. त्या वेळी माझ्या रक्तात त्याला आवरायला साखरच नव्हती. आणि पहाटे यकृत साखर सोडायला लागलं तेव्हा इन्सुलिन थकलेलं. त्यांनी युनिट बावीसवरून चौदावर आणले आणि वेळ रात्री साडेदहाची केली. कमी इन्सुलिन, योग्य वेळेला. दोन आठवड्यांत सकाळचे आकडे १३५ ते १५० मध्ये आले.

रात्री साखर उतरली की शरीर घाबरून उलट साखर सोडतं आणि सकाळी चढलेली दिसते, असं मायकल सोमोजी नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात मांडलं होतं. अजून पुष्कळ जण सकाळच्या प्रत्येक चढीला हेच कारण सांगतात. माझे डॉक्टर म्हणाले, सेन्सर आल्यापासून दिसतं की असं क्वचितच होतं. बऱ्याचदा रात्री उतरलेली साखर सकाळीही कमीच असते, आणि चढलेली दिसते ती माझ्यासारखी घाबरून खाल्ल्यामुळे. पण म्हणून तीनचं टोचणं सोडायचं नाही. इन्सुलिनवर असाल किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर तर नाहीच नाही. तीनला ७० च्या खाली एकदा जरी दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

साखर उतरली तर

७० च्या खाली आली की चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटं थांबा आणि पुन्हा टोचा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की दोन बिस्किटं किंवा एखादी चपाती खा. लाडू, चॉकलेट यांत तूप असतं, त्यांची साखर रक्तात उशिरा पोहोचते, मग माणूस खातच सुटतो. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर आपली साधी साखर हळू पचते. अशांनी दुकानात मिळणारी ग्लुकोज पावडर उशाशी ठेवावी. गोळ्यांच्या पाकिटावर नाव वाचा, नाही कळलं तर औषधवाल्याला विचारा.

माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनळीत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे सुनेला, मुलाला आणि आचाऱ्यालाही पाठ आहे.

काजूच्या हंगामात हुर्राक घरोघर येतो, म्हणून हेही सांगते. दारू पोटात असताना यकृत ती निस्तरण्यात गुंतलेलं असतं आणि रक्तात साखर सोडायचं काम मागे पडतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने संध्याकाळी उपाशीपोटी हुर्राक किंवा फेणी घेतली तर रात्री साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि घरचे समजतात की नशेत झोपला आहे. मी कुणाला पिऊ नका म्हणणारी नाही, पण पोटात अन्न असल्याशिवाय नको, आणि त्या रात्री तीनचा गजर लावायचाच.

रात्रीचं ताट

वेळ सगळ्यात मोठी. जेवण आणि झोप यांत निदान अडीच-तीन तास ठेवा. आपल्या दुकानदारांना, बसवाल्यांना, हॉटेलात राबणाऱ्यांना हे कठीण जातं, मला ठाऊक आहे. पूर्ण जेवण जमलं नाही तर शीत संध्याकाळी साडेसातला उभ्या उभ्या का होईना खाऊन घ्या आणि घरी गेल्यावर फक्त भाजी-मासळी घ्या.

उकड्या तांदळाबद्दल आपला गैरसमज फार. ‘उकडं शीत साखर वाढवत नाही’ असं मला रोज कुणी ना कुणी सांगतं. पांढऱ्या सुरय भातापेक्षा ते थोडं हळू चढतं हे खरं, पण एक वाटी शिजलेल्या शितात चाळीस ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतंच, आणि आपण एका वाटीवर थांबत नाही. मी महिनाभर वाटीने मोजून वाढून घेतलं, तेव्हा कळलं की माझं ‘थोडंसं शीत’ अडीच वाट्यांचं होतं. आता रात्री एक वाटी, सपाट. पेज पातळ म्हणून हलकी वाटते, पण मऊ शिजलेला तांदूळ लवकर पचून लवकर चढतो. आजारपणात ठीक, रोज रात्री नको. नाचणीचंही तेच. भाकरी चांगली, पण दोन भाकऱ्या म्हणजे दोन भाकऱ्यांचं पिष्ट. नाचणीचं तिजाण, म्हणजे पातळ लापशी, गूळ घालून प्यायचं आणि नाचणी औषधी म्हणायचं, हे काही खरं नाही.

शीत कमी केल्यावर पोट कशाने भरायचं? मी आधी भाजी खाते, वालीची, तांबड्या भाजीची, दुधयाची, कोणतीही, दोन वाट्या. मग बांगडा किंवा तारल्यांचं हुमण, शिवराक दिवशी मुगागाठी किंवा अळसांद्यांचं तोणाक. शीत सगळ्यात शेवटी. आधी भाजी-मासळी आणि मग शीत खाल्लं तर जेवणानंतरची चढ कमी राहते, माझ्या वहीत हा फरक तीस-चाळीसचा दिसतो. खोबऱ्यात साखर फारशी नाही, पण शागोतीसारखं नारळ-तेलाने जड जेवण शिताबरोबर रात्री घेतलं तर पचन लांबतं आणि साखर मध्यरात्रीनंतर चढते. झोपताना १३० बघून खूश व्हायचं आणि तीनला २०० बघायचं. शागोती मी आता रविवारी दुपारी जेवते.

चव बघणंही मोजा. खानावळीत चार टोपांतली कडी चमच्या-चमच्याने चाखायची, वर मणगणं नीट गोड झालं का ते बघायचं. हे माझं रात्री नऊनंतरचं दुसरं जेवणच होतं. आता चव सून बघते.

उपाशी झोपणं हा उपाय नाही. पुष्कळ जण आकडा उतरावा म्हणून रात्रीचं जेवणच टाळतात. यकृत तरीही पहाटे साखर सोडणारच, आणि इन्सुलिन घेतलेलं असेल तर मधल्या रात्री साखर पडायची भीती. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘उपास केला तरी साखर वाढली’ म्हणणाऱ्या माझ्या बहिणींना सांगते, साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. उपास करायचाच असेल तर औषधाचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.

जेवल्यावर चालणं

जेवून अर्ध्या तासाच्या आत पंधरा-वीस मिनिटं. जोरात नको, बोलत बोलत जमेल इतपत. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्याला फारसं इन्सुलिन लागत नाही. पावसात बाहेर पडता येत नाही, तेव्हा मी आमच्या राजांगणात तुळशीभोवती पडवीतून फेऱ्या घालते. साठ फेऱ्या म्हणजे वीस मिनिटं. ज्या रात्री चालते आणि ज्या रात्री नाही, त्यांतला सकाळचा फरक माझ्या बाबतीत पंधरा-वीसचा असतो. पाय सुन्न असतील तर अनवाणी चालू नका, घरातही चप्पल घाला.

औषधाबाबत डॉक्टरांना काय विचारावं

मेटफॉर्मिन यकृताची साखर सोडणं कमी करतं, म्हणून पहाटेच्या चढीवर ते उपयोगी. माझी हळूहळू सुटणारी गोळी डॉक्टरांनी सकाळवरून रात्रीच्या जेवणावर आणली. तुमचं कसं आहे, बदलता येईल का, हे विचारा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधी सांगा.

इन्सुलिन घेत असाल तर टोचायच्या जागेवरून बोटं फिरवून बघा. मी वर्षभर बेंबीच्या डाव्या बाजूला एकाच जागी टोचत होते, कारण तिथे दुखत नव्हतं. तिथे रबरासारखी गाठ झाली होती. अशा गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी उशिरा शोषलं जातं. जागा रोज दोन बोटं सरकवा, पोटाची डावी-उजवी बाजू आणि मांड्या आळीपाळीने वापरा. पण गाठ सोडून नव्या जागी टोचायला लागाल तेव्हा तेवढेच युनिट जास्त जोर करतात आणि साखर पडू शकते. म्हणून आधी डॉक्टरांना सांगा आणि त्या आठवड्यात तीनला उठा. पेन असेल तर बटण दाबून मनात दहा मोजा, मगच सुई काढा. सुई दर वेळी नवी.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्याजवळ कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलेलं असतं. उघडलेलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण तीस अंशांच्या आत, आणि आपल्या एप्रिल-मेत घर त्याच्या वर जातं. पावसाळ्यात वीज गेली की मी पेन प्लास्टिकच्या डबीत घालून ती डबी ओली वाळू भरलेल्या मातीच्या भांड्यात ठेवते. स्कूटरच्या डिकीत ते कधी ठेवू नका.

आणि हेही सांगा: गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं का, दाढ सुजली आहे का, लघवीला जळजळ आहे का, रात्री मोठ्याने घोरता का, मधेच श्वास अडकून दचकून उठता का. यांतल्या कशानेही सकाळची साखर चढू शकते. माझी २०२२ मध्ये तीन आठवडे दोनशेच्या वर होती, ती दाढ काढल्यावर उतरली. त्या तीन आठवड्यांत मी शिताचा एक दाणा खात नव्हते.

आकडा बघितल्यावर सकाळी काय करावं

चढलेला आकडा बघून नाश्ता टाळू नका. पाणी प्या, औषध वेळेवर घ्या, मग खा. मात्र पहाटेचे रस अजून ओसरलेले नसतात, त्यामुळे सकाळचं पिष्ट इतर वेळेपेक्षा जास्त चढतं. पातळ भाजीबरोबर दोन उंडे (गोल पाव) खायची ही वेळ नाही. मी कोंड्याची एक पोई (आमच्याकडचा पोकळ पाव), दोन अंडी किंवा मुगाची उसळ खाते. चहा बिनसाखरेचा. पोई निवडताना फोडून बघा, कोंडा वर भुरभुरलेला असला तरी आत मैदा असू शकतो.

३०० च्या वर असेल आणि उलट्या, पोटात दुखणं, जोरात श्वास किंवा झापड असेल तर घरी थांबू नका. उपजिल्हा रुग्णालय असो की बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), जे जवळ असेल तिथे जा. टाईप वन असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी तर २५० च्या वर आणि मूल मलूल दिसलं तरी कीटोन (इन्सुलिन फार कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासून घ्यावेत.

एरवी सकाळी ८० ते १३० मिलिग्रॅम हे पुष्कळ जणांसाठी उद्दिष्ट धरतात. पण माझ्या सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत, त्यांच्यासाठी डॉक्टरांनी १५० पर्यंत चालेल म्हटलं आहे, कारण त्या वयात पडलेली साखर चढलेलीपेक्षा लवकर घात करते. तुमचा आकडा कोणता ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. त्याखाली औषधांची नावं, वेळा आणि घरातल्या एकाचा फोन नंबर. डॉक्टरांकडे जाल तेव्हा आजचा आकडा तोंडी सांगू नका, तीनच्या नोंदी असलेलं पान उघडून टेबलावर ठेवा.

काल रात्री माझी झोपताना १३६, तीनला १२९, सकाळी १४४. शनिवार होता, जेवण सव्वानऊला झालं, तिसऱ्यांचं सुकं आणि एक वाटी शीत, फेऱ्या चाळीसच. तसं लिहून ठेवलं आहे.